अनुदान घेणाऱ्याची बाजू

माहिती अधिकाराचा अर्ज म्हटलं की दोनच बाजू डोळ्यांपुढे येतात, मागणारा आणि देणारं कार्यालय. कायद्याने तिसऱ्यालाही जागा ठेवली आहे. ज्याची माहिती मागितली जाते तो 'त्रयस्थ पक्ष'. गेल्या पावसाळ्यात ती जागा माझ्या वाट्याला आली. सामूहिक प्रोत्साहन योजनेतून आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या उद्योगाला किती कर परत मिळाला, त्याची यादी आणि मंजुरीचे कागद कोणीतरी मागितले होते, आणि त्या यादीत आमचा काजू कारखाना होता.

कारखाना म्हटल्यावर भोंगा वाजणारी गिरणी वगैरे मनात आणू नका. सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात पत्र्याची शेड, वाफेसाठी छोटा बॉयलर, कटिंगची यंत्रं, गर वाळवायला एक बोर्मा आणि सोलणीच्या टेबलांवर तीसेक बायका. बी खरेदी आणि बाजार नवरा बघतो. कागद माझ्याकडे. फर्म माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यामुळे फर्मचा पॅन तोच माझा पॅन. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

योजना काय आहे ते थोडक्यात सांगायला हवं, कारण आमच्या बाजारात तिच्याबद्दल 'सरकार कारखानदारांना पैसे वाटतं' यापलीकडे कोणाला काही ठाऊक नसतं. महाराष्ट्रात ती १९६४ पासून चालत आली आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात दाटी करणाऱ्या उद्योगांनी मागे राहिलेल्या भागांत जावं, हा तिचा हेतू. विक्रीकराच्या जमान्यात कर माफ तरी व्हायचा किंवा काही वर्षं पुढे ढकलला जायचा. त्याला सगळे 'डिफरल' म्हणायचे, आणि सासऱ्यांच्या वयाचे व्यापारी अजूनही तेच म्हणतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एकट्या राज्याने एखाद्याला कर माफ करायची सोय संपली. मग एवढीच रीत उरली की कर आधी पूर्ण भरायचा आणि राज्याच्या हिश्शातला ठरलेला भाग नंतर 'औद्योगिक प्रोत्साहन अनुदान' म्हणून परत मागायचा. २०१९ च्या योजनेत तालुक्यांचे वर्ग पाडले आहेत, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या बरोबरीने रत्नागिरी-सिंधुदुर्गालाही जास्तीची सवलत आहे.

काजूगरावर जीएसटी ५ टक्के. समजा ८०० रुपयांचा किलोभर गर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला विकला, तर कर ४० रुपये. त्यातले २० केंद्राचे, २० राज्याचे. सवलतीचा सगळा हिशोब या राज्याच्या वीस रुपयांभोवती फिरतो. केंद्राच्या वीस रुपयांना हात लागत नाही. शिवाय माल महाराष्ट्रातच विकला गेला पाहिजे. आम्हाला म्हापसा कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ, पण बांदा सोडून पत्रादेवीच्या पलीकडे टेम्पो गेला की तो आंतरराज्य व्यवहार झाला, त्याच्यावर आयजीएसटी लागतो, आणि परताव्याच्या हिशोबात ते बिल धरत नाहीत. एकूण रक्कम किती घ्यायची यालाही तुमच्या स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या, म्हणजे शेड-यंत्रांसारख्या गोष्टींत घातलेल्या पैशाच्या, प्रमाणात मर्यादा आहे. थोडक्यात, बाजारात जो आकडा तोंडातोंडी फिरतो त्याच्या जवळपासही कोणी छोटा काजूवाला जात नाही.

परताव्याचा दावा वर्षाचा वर्षाला करायचा. विवरणपत्रं, विक्रीची बिलं, कर भरल्याची चलनं, सीएचं प्रमाणपत्र, यंत्रांची बिलं, विजेची बिलं, आणि कामगारांची यादी. बाकी कागद फाईलींतून उचलून लावायचे असतात. कामगारांच्या यादीला मात्र घाम फुटतो. योजनेची अट अशी की कामगारांत किमान ८० टक्के स्थानिक हवेत. आमच्याकडे सगळ्याच बायका आजूबाजूच्या वाड्यांतल्या, तेव्हा अट पाळायला काहीच करावं लागत नाही. ती कागदावर दाखवायला मात्र जीव जातो. कोणाचं आधार सासरच्या नावाने, शाळेचा दाखला माहेरच्या. दोघींचं माहेर पेडण्याला, म्हणजे गोव्यात. लग्न होऊन वीस वर्षं झाली, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, पोरं इथल्याच शाळेत शिकून नोकरीला लागली. पण अधिवासाच्या दाखल्याला जन्माचा कागद मागितला की तो गोव्याचा निघतो आणि सेतूतला पोरगा मान हलवतो.

त्यात अंगठ्याचं प्रकरण. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. कटिंगला बसणाऱ्या बाईच्या बोटांची सालं निघतात, हातमोजे असले तरी थोडंफार आत शिरतंच, आणि वर्षानुवर्षांच्या कामाने बोटांवरच्या रेषा पुसट होऊन जातात. आधारच्या मशीनवर ते बोट ठेवलं की मशीन ओळख देत नाही. आमच्या एका काकूंनी दहाही बोटं लावून पाहिली. पदराला पुसून, खोबरेल लावून, पुन्हा पुसून. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "आमचो आधार नंबर खंय खंय जातलो ओ वैनी?" मी "सरकारात" म्हटलं. त्यांचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नव्हतं.

दावा तपासून झाला की मंजुरीचं पत्र येतं. त्यात शेवटी एक ओळ असते, रक्कम निधीच्या उपलब्धतेनुसार दिली जाईल. ती ओळ बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत कधी भरत नाही. मंजूर झालेली रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम यांच्यामध्ये अख्खं आर्थिक वर्ष सहज बसतं. बँकेचा हप्ता काही निधीच्या उपलब्धतेची वाट बघत नाही, हे वेगळं.

तर नोटीस. ती आली चतुर्थीच्या तोंडावर. त्या दिवसांत कोकणात कुठल्याही कामाला हात लागत नाही. अर्ध्या बायका रजेवर, उरलेल्यांचं लक्ष घराच्या सारवणात, रंगात आणि माटवीच्या सामानात. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ११(१) अन्वये आपणांस कळविण्यात येते की, अशी सुरुवात. आमच्या फर्मशी संबंधित माहिती मागितली गेली आहे, ती द्यावी की देऊ नये याबाबत आपलं म्हणणं दहा दिवसांत मांडावं. मागणाऱ्याचं नाव नव्हतं. मागितलेल्या माहितीचा तपशील होता: लाभार्थी उद्योगांची यादी, वर्षनिहाय रक्कम, आणि मंजुरीच्या प्रकरणातील कागदपत्रांच्या प्रती. पहिल्या दोन गोष्टींनी मला काहीच वाटलं नाही. तिसरी वाचून पोटात गोळा आला. त्या फाईलीत आमच्या मालाचे दर आहेत, गिऱ्हाइकांची नावं आहेत, बी कुठून किती भावाने घेतली ते आहे, आणि त्या काकूंचा आधार नंबरही आहे.

बातमी माझ्या आधी बाजारात पोचली होती. मासळी घेताना नात्यातल्या एक आजी भेटल्या. "गो, सरकारान तुमका चाळीस लाख दिल्यान म्हणतत, खरा काय ता?" मी विचारलं, "कोण म्हणता?" तर म्हणाल्या, "सगळेच म्हणतत." पापलेटाचा भाव करणारीने टोपलीवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि भाव खाली आणायला साफ नकार दिला.

सल्ले देणारे ढिगाने. पहिला सल्ला, कोणी टाकला माहिती अधिकार ते शोधून काढा. तो मी सोडून दिला. कलम ६(२) प्रमाणे मागणाऱ्याला कारण विचारता येत नाही. जिथे कार्यालयालाच तो हक्क नाही तिथे मी कोण? शिवाय गावात असा शोध सुरू झाला की तो नको त्या दारात जाऊन थांबतो. दुसरा सल्ला शेजारच्या तालुक्यातल्या एका काजूवाल्यांनी दिला आणि तो जास्त हुशारीचा होता. त्यांनाही तीच नोटीस आली होती. त्यांचं म्हणणं, "तुमची फर्म मालकीची आहे ना? मग तुमचं उत्पन्न ते फर्मचं उत्पन्न. ही वैयक्तिक माहिती झाली. सरळ हरकत घ्या, फाईल बंद." आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं आहे. आधी त्यात असं होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे विनाकारण खाजगी आयुष्यात डोकावलं जाईल, तीच रोखायची. आणि तीही व्यापक जनहित असेल तर द्यायची. बदललेल्या कलमात फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. जनहिताची वाट कलम ८(२) मधून अजून उघडी आहे, पण ती पकडायची की नाही हे अधिकाऱ्यावर.

मी दोन दिवस विचार करत होते. वैयक्तिक म्हणून हरकत घेतली तर ती कदाचित मानलीही जाईल. पण मग कंपनी असलेल्याने सांगावं आणि मालकीच्या फर्मने लपवावं, असा त्याचा अर्थ. आमच्या भागातले जवळजवळ सगळे काजूवाले, आंबा-कोकमवाले, मालकीच्या नाहीतर भागीदारीच्या फर्मवाले. म्हणजे सरकारने या जिल्ह्यात छोट्या उद्योगांना किती कर परत केला हे कोणालाच कधी कळायचं नाही, आणि चाळीस लाखांची अफवा मात्र मोकळी फिरणार. घरातलं सोनं किती हा माझा खाजगी मामला. राज्याच्या तिजोरीतून माझ्या खात्यात किती आलं हा खाजगी मामला कसा होईल? तो कर मी भरला हे खरं, पण गिऱ्हाइकाकडून घेऊनच भरला.

आमच्या सीएंनी आणखी एक गोष्ट दाखवली. कायद्याचं कलम ४. त्यातली 'सतरा मुद्द्यांची माहिती' हा शब्दप्रयोग कार्यालयांत सगळ्यांच्या तोंडी असतो, पण सतरा मुद्दे कोणते ते फारसं कोणी वाचत नाही. त्यातला बारावा मुद्दा म्हणजे अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील. तेरावा, सवलती आणि परवाने कोणाला दिले त्यांचा तपशील. हे सगळं कोणी अर्ज न करताच प्रसिद्ध करायचं असतं. सीए म्हणाले, "नाव आणि रक्कम यावर हरकत घेऊन तुम्ही जे आधीच उघड असायला हवं होतं तेच झाकायला जाणार. तिथे ताकद घालवू नका. फाईलीतल्या कागदांवर बोला."

त्याच सुमारास बॉस्टनला हिशोबाचं काम करणाऱ्या भाच्याचा फोन आला, गणपतीला येता येत नाही म्हणून हळहळायला. त्याच्याकडून कळलं की मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१० मध्ये कायदा झाला आणि तेव्हापासून ठरावीक कर-क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून मिळणारी सूट, घेणाऱ्यांचा अहवाल दरवर्षी निघतो. त्यात घेणाऱ्याचं नाव, कुठल्या योजनेतून, किती रक्कम मंजूर झाली, किती प्रत्यक्ष दिली आणि कुठल्या तारखेला. अमेरिकेतल्या सरकारी हिशोबासाठी २०१५ चा एक नियमही आहे, क्रमांक ७७. त्यात सोडून दिलेल्या कराची एकूण रक्कम ताळेबंदाच्या टिपांमध्ये दाखवावी लागते, नावं द्यायची सक्ती नाही. आपल्याकडे केंद्र सरकारही २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर कर-सवलतींमुळे किती महसूल गेला त्याचं विवरण देतं, तेही एकूण रकमांचंच. मला त्या मॅसॅच्युसेट्सच्या तक्त्यातली 'मंजूर' आणि 'दिली' ही दोन वेगळी घरं फार आवडली. माझं अर्धं दुखणं त्या दोन घरांच्या मधल्या रेषेत होतं.

नोटिशीला उत्तर लिहिताना मी कलम ११ पुन्हा पुन्हा वाचलं. जे या खुर्चीवर बसतील त्यांनी हे नीट समजून घ्यावं. अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत कार्यालयाने त्रयस्थाला नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत त्रयस्थाने म्हणणं मांडायचं, आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत जन माहिती अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. एरवी ही मुदत ३० दिवसांची असते. त्रयस्थाचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, त्याची परवानगी घ्यायची नसते. तुम्ही नुसतं 'माहिती देऊ नये' लिहून पाठवलंत तर ते कागदाला कागद म्हणून लागेल आणि अधिकारी आपल्या समजुतीने निर्णय देईल. प्रत्येक कागदाला वेगळं कारण दिलंत तरच तो त्यावर वेगळा विचार करू शकतो. कलम ८(१)(डी) मध्ये व्यापारी गुपितं आणि स्पर्धेतल्या स्थानाला धक्का देणारी माहिती येते, तेव्हा धक्का नेमका कसा बसेल ते सांगायला हवं. आणि कलम १० प्रमाणे एखाद्या कागदाचा काही भाग झाकून उरलेला देता येतो.

म्हणून मी असं लिहिलं. 'माझ्या फर्मचे नाव, गाव, उत्पादन, पात्रता प्रमाणपत्राचा क्रमांक व कालावधी, मान्य झालेली स्थिर भांडवली गुंतवणूक, वर्षनिहाय मंजूर रक्कम, वर्षनिहाय प्रत्यक्ष अदा रक्कम व अदा केल्याचा दिनांक, प्रस्तावात दाखवलेला रोजगार व दाव्याच्या वर्षातील प्रत्यक्ष रोजगार देण्यास माझी हरकत नाही. मंजूर व अदा रकमा स्वतंत्रपणे द्याव्यात, अशी विनंती आहे.' त्याखाली हरकती. विक्रीच्या बिलांवरची गिऱ्हाइकांची नावं आणि दर, कारण आमच्यासारखे दहा जण त्याच चार व्यापाऱ्यांना माल देतात आणि किलोमागे पाच रुपयांनी सौदा फिरतो. बी खरेदीचे भाव, कारण हंगामात तेच आमचं पोट. कामगारांची नावं, आधार, बँक खाती, पीएफ क्रमांक, कारण त्या बायकांनी सरकारकडून काही घेतलेलं नाही, त्यांचे कागद फक्त माझी अट सिद्ध करायला लावलेले आहेत. स्थानिक किती आणि बाहेरचे किती ही संख्या द्यावी, नावं नकोत.

पत्र टपालाने न पाठवता ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, कार्यालयात जाऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. हा एक जुना संस्कार आहे, शिक्का नसलेलं पत्र लिहिलेलंच नाही असं समजायचं. तिथल्या मॅडमनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, "हरकत नाही असं लिहिणारं पहिलंच पत्र बघते." मग त्यांनी मला एक अडचण सांगितली, ती खरी होती. मंजूर रकमांची यादी त्यांच्याकडे तयार होती. अदा रकमा देयकांच्या नोंदवहीत होत्या, वेगळ्या. रोजगाराचे आकडे प्रत्येक प्रकरणात आत. माहिती अधिकारात असलेली माहिती द्यायची असते, नवा तक्ता बनवून द्यायचं बंधन नसतं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा माझी 'दोन घरं' एका कागदावर येणार नव्हती. पण नोंदवहीच्या पानांच्या प्रती देता येतील, म्हणजे मागणाऱ्याला दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतील, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

आमच्या प्रकरणातले कोणते कागद झाकायचे ते बघायला त्यांनी नंतर बोलावलं. टेबलावर फाईल, शेजारी काळा मार्कर. तिथले कारकून भाऊसाहेब एकेक नाव, एकेक नंबर काळा करत होते. मी एक पान उचलून खिडकीकडे धरलं तर काळ्या पट्टीमागून आधारचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. कागद पातळ, शाई वरवरची. भाऊसाहेबांनी ते पान घेतलं, स्वतः उजेडात धरलं, आणि काही न बोलता सगळा गठ्ठा उचलून झेरॉक्सला गेले. काळ्या केलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढली की मग मागून काही दिसत नाही. हे कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, पण कोणाची फाईल झाकायची वेळ आली तर लक्षात ठेवा. विक्रीच्या बिलांचा गठ्ठा त्यांनी पूर्ण बाजूला ठेवला. त्याऐवजी सीएचं प्रमाणपत्र द्यायचं ठरलं, त्यात पात्र विक्रीची एकूण रक्कम होतीच.

निर्णयाची प्रत मलाही आली. बहुतेक मान्य. यंत्रांच्या बिलांवरची माझी हरकत मात्र फेटाळली, कारण गुंतवणुकीवरच सवलतीची मर्यादा ठरते आणि ती खरी की फुगवलेली हे बघायचा लोकांना हक्क आहे. वाचून मला ते पटलं. त्रयस्थालाही या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, महाराष्ट्रात वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मी केलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या त्या काजूवाल्यांनी 'वैयक्तिक माहिती' म्हणून केलं. त्यांचं काय झालं ते त्यांचं त्यांनी सांगावं.

यादी कोणाच्या हातात पडली ते मला आजही माहीत नाही, पण दिवाळीआधी ती व्हॉट्सॲपवर आली. आधी आली ती फक्त मंजूर रकमांची यादी. दुसरा कागद मागे राहिला, जसा नेहमी राहतो. आमच्या नावापुढचा आकडा बघून लोकांची निराशाच झाली. "एवढेच?" असा सूर. चाळीस लाखांच्या अफवेपुढे आमची तीन वर्षांची मंजुरी फारच किरकोळ होती. मी त्याच ग्रुपवर नोंदवहीचं पान टाकलं आणि लिहिलं की यातले इतके प्रत्यक्ष आले आहेत, बाकी यायचे आहेत. त्यावर एका सुताराने अंगठा दिला आणि विषय संपला.

माझा विषय संपला, दुसऱ्या एकाचा सुरू झाला. यादीत एक युनिट होतं ज्याचं शटर आता बंद आहे. लोकांनी लगेच अर्थ लावला, बंद कारखान्याच्या नावाने पैसे उचलतात. खरं तर ज्या वर्षांची रक्कम होती त्या वर्षांत तिथे काम चालू होतं. आमच्याकडे आज कटिंगला असलेल्या दोघी तेव्हा तिथेच होत्या. यादीत वर्ष होतं, पण अगदी बारीक, शेवटच्या घरात. आणि रोजगाराचं घरच नव्हतं. एवढी कामं त्या वर्षी दिली, असं शेजारी छापलेलं असतं तर त्या माणसाला तोंड लपवत फिरावं लागलं नसतं. उलट एखादं युनिट खरोखरच कागदावर कामगार दाखवत असेल तर तेही त्याच घरात उघडं पडलं असतं. नाव आणि रक्कम एवढंच छापलं तर लोकांच्या हाती फक्त हेवा करण्यापुरतं पडतं. सवलत कशासाठी दिली आणि त्या बदल्यात काय झालं, हे शेजारी असल्याशिवाय जाब विचारायचा तरी कशावरून? ग्रामसभेत हे मी बोलले, तेव्हा सरपंच म्हणाले की रोजगार हमीच्या कामावर हजेरी, मजुरी आणि कामाचा फलक सगळं लावावं लागतं, मग कारखान्याला का नको. मलाही तोच प्रश्न आहे. मजुरी घेणाऱ्या बाईचं नाव गावच्या भिंतीवर लागतं आणि सवलत घेणाऱ्या फर्मचं नाव मागायला अर्ज लिहावा लागतो, तोही महाराष्ट्रात एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत.

यंदाचा दावा मी दोन भागांत बांधला. पुढे एक पान, ज्यात वर लिहिलेली सगळी घरं आहेत, मंजूर वेगळं, अदा वेगळं, तारखांसकट, प्रस्तावातली कामं आणि प्रत्यक्षातली कामं. त्यावर 'हे पान कोणालाही देण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली. मागे बाकीचे कागद, आणि त्यावर त्रयस्थाची गोपनीय माहिती म्हणून कोणते आणि का, ते एका ओळीत. कामगारांचे आधार यंदा मास्क केलेले लावले. संकेतस्थळावरून तशी प्रत उतरवता येते, शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि तपासणीला तेवढं चाललं. त्या काकूंना मी ती प्रत दाखवली. त्यांनी चार आकडे बोटाने मोजले आणि म्हणाल्या, "मगे आदी आक्खो कशाक दिलेलास?"

पुढच्या पानाची एक प्रत शेडच्या दारात लावली आहे, एक ग्रामपंचायतीत दिली. दावा दाखल झाला, पोच मिळाली. मागच्या मंजुरीतला उरलेला हप्ता अजून यायचा आहे. तो आला की 'अदा' च्या घरात आकडा भरायचा आणि पान बदलायचं.